शाफ्टवरचा निळा डाग

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीसुद्धा नाही.

रेवदंड्यात माझं बोटींच्या कामाचं वर्कशॉप होतं. ग्राइंडरच्या चाकाखाली पोलाद तापतं, हे कुणालाही ठाऊक असतं. पण पुढचं? वरची कातडी तापून फुगू पाहते, आतलं गार पोलाद तिला जागा देत नाही — ती जागच्या जागी दबते. निवताना आकसू पाहते, तेव्हाही आतलं तिला सोडत नाही. मग ती ताणलेलीच राहते. कायमची. वरून हात फिरवा — गुळगुळीत, गार. आत मात्र ओढ चालूच. आयुष्य लोखंडात गेलं, तरी याचं नवल अजून सरत नाही.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. हरी तांडेल दारातच बसून होता. "मेस्त्री, पुनवेला बोट उतरली न्हाय, तर नारलाच्या जागी तुलाच पान्यान सोडीन!" आम्ही हसलो. त्याच्या बोटीचा, पंखा फिरवणारा शाफ्ट माझ्या मशीनवर होता. नेमका चाकावर पाणी सोडणारा पंप बंद पडला. थांबायला हवं होतं. मी कोरडंच घासलं — भराभर. शाफ्टवर निळा डाग उमटला. ती जळाल्याची खूण, मला चांगली कळत होती. मी पॉलिश पेपरने डाग पुसला. गेला तो नुसता रंग.

थंडीत शाफ्ट भर समुद्रात तुटला. दुसऱ्या बोटीने हरीची बोट ओढून आणली. इंजिन हरीचा धाकटा भाऊ मंगेश चालवायचा. हरीने तुटका तुकडा माझ्यापुढे धरला, "कशानं झाला ह्या?"

मी पाहिलं. तडा त्या डागाच्या जागेवरूनच निघाला होता, आणि तिथून शिंपल्यावर असतात तशा रेघा — एकीबाहेर एक. दर खेपेला गुपचूप थोडा थोडा वाढलेला. इतकं स्पष्ट — आणि कसं सांगू? — इतकं सुंदर, की मी तुकडा हातात घेऊन उजेडाकडे वळवला.

मी म्हणालो, "पंख्यात दोर अडकला असणार. इंजिन वेळेवर बंद करायला हवं होतं."

"न्हाय अडकला, दादा," मंगेश म्हणाला. हरीने माझं ऐकलं.

मंगेश त्या बोटीवरून उतरला तो उतरलाच. दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीचे दोर बांधतो. भाऊ पुन्हा बोलले नाहीत. हरी तसाच गेला. मी दिसलो की मंगेश आजही आधी माझी तब्येत विचारतो.

दोर अडकला नव्हता, मंगेश. इंजिन तू नीटच चालवलंस. शाफ्ट मी जाळला होता — आणि तुकडा हातात घेताक्षणी मला ते कळलं होतं.