अण्णांची उपडी बादली

माझा भुताखेतांवर कधी विश्वास नव्हता. आजही नाही... पण जे झालं ते झालं. घरी कुणाला न सांगता लिहितेय. शिक्षण चौथीपर्यंतच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही डोंबिवलीत मानपाड्याला राहतो, पाचव्या मजल्यावर. माझे सासरे, अण्णा, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची एक सवय होती. गावाहून परत आलो की आधी ते एकटेच बाथरूममध्ये जायचे. खिडकी उघडून, गिझर पूर्ण तापवून, नळ-शॉवर सगळं सोडून द्यायचे. शेवटी बादली धुऊन उपडी ठेवायची. तोवर कुणाला आत सोडायचे नाहीत.

सासूबाई बाहेरून ओरडायच्या, "टँकरचं पाणी आहे ते. ओततात का असं कुणी?"

आतून उत्तर यायचं, "बंद घरातलं पाणी मेलेलं असतं. जिवंत पाणी येऊ दे."

अण्णा गेल्यावर ती सवयही गेली. पाण्याची एवढी बोंब, कोण ओतणार?

मागच्या मे महिन्यात आम्ही महिनाभर संगमेश्वरला होतो. परत आलो त्या दुपारी मिस्टर खाली सामान उतरवत होते. सासूबाईंना दमा आहे, प्रवासाने त्या अगदी थकलेल्या. म्हणाल्या, "सुनंदा, गिझर लाव गं. शॉवरखाली बसते जरा." मी बाहेरचा स्विच लावला. थोड्या वेळाने त्या टॉवेल घेऊन गेल्या, तर बाथरूमला आतून कडी.

आत शॉवर चालू होता. घरात आम्ही दोघीच.

मी दार ढकललं, हलेना. मग आत बादली ओतल्याचा आवाज आला... आणि कुणीतरी खाकरलं. अण्णा खाकरायचे तसं. सासूबाई तिथेच खुर्चीवर बसल्या. बऱ्याच वेळाने पाणी थांबलं, कडी सरकली. आत कुणी नव्हतं. खिडकी सताड उघडी. गिझरचा काटा, जो सासूबाई बिलापायी कायम अर्ध्यावर ठेवायच्या, तो शेवटाला. आणि बादली उपडी.

मिस्टर वर आले. म्हणाले, "कडी पडली असेल, नळ उघडा राहिला असेल." काटा आणि बादलीचं विचारलं तर म्हणाले, "चहा टाक आधी."

दहाएक दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकींना ताप भरला, मग खोकला, मग श्वास घेता येईना. त्याही आमच्यासारख्याच गावाहून आलेल्या. त्यांना ठाण्याला माजिवड्याच्या हॉस्पिटलात नेलं. निदान वेळेवर झालं, औषध लागू पडलं आणि काकी बऱ्या होऊन घरी आल्या. मी पेज घेऊन गेले.

"डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं माहितीये?" काकी म्हणाल्या. "घर बंद होतं का, आल्या आल्या शॉवर घेतला का. पाइपात कोमट पाणी साचून राहिलं की त्यात जंतू वाढतात म्हणे. लिजिओनेला नाव त्यांचं. शॉवरच्या तुषारांतून श्वासात जातात. म्हाताऱ्यांना, दमेकऱ्यांना तर जास्त भीती."

"मग करायचं काय?"

"खिडकी उघडायची, गरम-गार सगळं पाणी सोडून द्यायचं आणि आपण बाहेर थांबायचं, दार लावून."

पेजेचा डबा तिथेच विसरून मी वर आले.

सोसायटीने मग टाक्या साफ करून घेतल्या, पाइप तपासले. सासूबाई ठणठणीत आहेत. अण्णा कुठल्या डॉक्टरकडे शिकले होते, कडी कुणी लावली, मला काही सांगता येत नाही. विचार करणंही मी सोडून दिलंय.

यंदाही गावाहून आलो. सासूबाईंनी स्वतः खिडकी उघडली, काटा शेवटाला नेला, नळ सोडले, दार ओढून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसल्या. ओतलेलं पाणी पाहून त्या एकदाही कुरकुरल्या नाहीत. मी विचारलं, "आई, जाऊ का आता आत?"

"थांब गं जरा," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांचं होऊ दे."