राखणीची पाळी

नाशिकच्या द्वारका चौकातून निघालेल्या सहलीच्या बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. सायखेड्याकडच्या शेतकरीण, वय पासष्टीचं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मुंबईत समुद्राकाठच्या एका बागेत जुना टेहळणी बुरूज होता. आम्ही बाकीचे फोटो काढत सुटलो. यांनी चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि त्या काळ्या दगडाला तळहात लावून उभ्या राहिल्या.

"इथून शत्रूची गलबतं बघायचे," बागेचा रखवालदार सांगत होता, "पण कधी एक आलं नाही. फुकटच बांधला!"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

"फुकट कसा? राखण चांगली असली का चोर येतच नाय. बाजरीची पाखरं हाकायला मी बी शेतातल्या माळ्यावर बसलेली हाय. पण मी भाकर खायला उतरले, का माझ्या जागी सासू चढायची. ह्या बुरजाच्या जागी कोण चढलं?"

मग बुरुजाकडे पाठ करून, कपाळावर हात आडवा धरून त्या समुद्राकडे बघू लागल्या.

"टेक रे बाबा घटकाभर," त्या हळूच म्हणाल्या. "मी हाय."

बस हॉर्न देत होती. त्यांना हाक मारायची माझी हिंमत होईना.