चौदा इंची भिंत आणि तीन फुटाचं पातं

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आंध्रातल्या मंचेरियलला माझ्या नवऱ्याची छोटी कंत्राटदारी होती. एका पंपघराच्या चौदा इंच जाड काँक्रीटच्या भिंतीत दार पाडायचं काम मिळालं. अट एकच होती, पंप चालूच राहतील आणि भिंत हादरता कामा नये. म्हणजे घण बाद. रुळावर चालणारी करवत घ्यायची ठरलं, आणि नेमका तेव्हाच हा स्कूटरवरून पडून पाय प्लास्टरमध्ये घालून बसला.

करवती पाहायचं काम माझ्यावर आलं. सोबतीला मी जाऊबाईंना बोलावलं. त्या शाळेत गणित शिकवायच्या.

हैदराबादचा विक्रेता टेम्पोत दोन करवती घालून आमच्या अंगणात आला. एकीचं पातं दोन फुटांचं, दुसरीचं तीन. लहान करवत आमच्या गळ्यात मारायची त्याला फार घाई. "मॅडम, दो फुट का ब्लेड है, दीवार तो चौदह इंच की!"

जाऊबाई आत गेल्या आणि ताट-वाटी घेऊन आल्या. ताटाच्या मधोमध वाटी ठेवून मला म्हणाल्या, "पाह्य, हे पातं आन् हा मधला दांडा. वाटी भिंतीत जाते काय? नाई. मंग दोन फुटाचं निम्मं बारा, त्यातून दांड्याचे दोन गेले. दहा इंच!"

"दोनों तरफ से काट लेना," विक्रेता म्हणाला.

"दुसऱ्या बाजूनं पाइप हायेत नं बापा!" जाऊबाई इतक्या जोरात म्हणाल्या की मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं.

मग विक्रेत्यानं आमच्या घरामागच्या रिकाम्या, जुन्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर मोठ्या करवतीचा रूळ बोल्टांनी ठोकून बसवला आणि पाण्याची नळी जोडली. करवत रुळावरून सरकत खाली उतरू लागली. भिंत थरथरली नाही, पण राखाडी चिखलाचा फवारा थेट आमच्या अंगावर! जाऊबाईंच्या इस्त्रीच्या साडीचं पार वाटोळं झालं.

"थांबवू का?" त्यानं हिंदीत विचारलं.

"काऊन? मले चालवू दे!"

त्यांनी करवत सरकवायचा दांडा हातात घेतला तो सोडेचनात. मी तीनदा मागितला. शेवटी आम्ही दोघींनी पाळीपाळीनं चारही बाजू कापल्या. विक्रेत्यानं तुकडा पहारीनं ढकलला आणि तो वडीसारखा सुटून पलीकडे धप्पकन पडला. टाकीच्या भिंतीत कोणालाच नको असलेली एक सुरेख खिडकी तयार झाली. टाकीत उतरून पलीकडून जाऊबाईंनी तोंड घातलं, अलीकडून मी, आणि एकमेकींचे राखाडी चेहरे पाहून आम्ही पोट धरून मटकन खाली बसलो.

घरातून, पलंगावरूनच नवरा ओरडला, "अवं, झालं काय? कोणती घ्याची?"

"मोठी!" आम्ही एकदमच ओरडलो.

पुढच्या आठवड्यात पंपघराची भिंत कापली गेली. पंप एकदाही थांबले नाहीत. साखळीच्या कप्पीनं तुकडा बाहेर ओढला, तसं आत उजेड शिरला. पंप चालवणारे म्हातारे काका स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी मान वळवली, आमच्याकडे पाहिलं, आणि अगदी पाहुण्यांना 'या बाई, या' म्हणावं तसं तेलुगूत म्हणाले, "रंडम्मा, रंडी."

जाऊबाईंनी पदर खोचला आणि नव्या दारातून सगळ्यांच्या आधी आत गेल्या.