बापूंच्या गाळ्यातले शेअरवाले

शेअरबाजार पुस्तकातून शिकता येतो असं म्हणणाऱ्यानं आमच्या बापूंच्या गाळ्यात आठवडाभर बसायला हवं होतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या एसटी स्टँडमागे गाळा. बापू सब-ब्रोकर, मी त्यांचा कारकून. लोकांचे फॉर्म भरायचे हे माझं काम. पगार बेताचा, पण किस्से इतके साठले की अजून पुरतायत.

*

दाते मास्तर रिटायर झालेले. दहा कंपन्यांचे चार-चार शेअर घेऊन बसले होते. का, तर शेअरवाल्याला वार्षिक सभेचं बोलावणं येतं आणि सभेत नाश्ता असतो! मुंबईहून परतले की आधी गाळ्यात येत.

"बापू, ती रंगवाली कंपनी काढून टाका. यंदा कचोरी बंद, नुसती बिस्किटं."

बापू हसले. सहा महिन्यांत तिचा भाव निम्मा झाला. तेव्हापासून कुठलीही सभा झाली की बापूच विचारायचे, "मास्तर, खायला काय होतं?"

*

जोमाशेठ उरण रस्त्यावरच्या गावचे. बिल्डरला जमीन विकून पैसा आलेला. तो वाढवून पेणकडे पुन्हा जमीन घ्यायची, एवढंच डोक्यात. पैसा बुडाला तर जमीन कायमची गेली, हे आम्हालाही ठाऊक होतं.

बापूंनी एका कंपनीचा ताळेबंद पुढे ठेवला.

"कागूद नको. कारखाना कुठं हाय?"

बैलाचे दात बघून घेतात, तसे हे थेट तळोज्याला गेले.

"दोन तास गेटवर बसलो. सोला टरक भायेर गेले. कंपनी चालते. घ्या."

*

बापूंचा लाडका धडा म्हणजे, "जोखीम वाटा. सगळा पैसा एका जागी नको." जोमाशेठनी तो मनावर घेतला. महिन्यानं बापूंनी विचारलं, "वाटलात ना?"

"चार जागी वाटला."

शेअर त्याच एका कंपनीचे! नावं तेवढी चार: स्वतः, भाऊ, थोरला मुलगा आणि बायको हिराबाई. शेअरची कागदी सर्टिफिकेटंही चार घरी. एक विचुंब्याला बहिणीकडे, एक हिराबाईंच्या माहेरी, अशी.

"चोर आला तरी चवथा हिस्साच न्हेल."

बापूंनी कपाळाला हात लावला.

*

मग भाव चढले. पानवाल्यापासून सगळे तज्ज्ञ झाले. "हाव धरू नका," असं रोज सांगणारे आमचे बापूच जोमाशेठना म्हणाले, "थांबा हो, अजून चढेल."

त्याच आठवड्यात हिराबाई एकट्याच आल्या. "माज्या नावाचे इका."

"शेठना विचारलंत?" मी म्हटलं.

"सही माजी लागंल का त्यांची?"

सही त्यांचीच लागत होती. विकले.

*

पुढे बाजार असा कोसळला की बापू फोन उचलेनात. जोमाशेठ आले, भाव ऐकला आणि बाकावर बसूनच राहिले. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, वहिनींचे तरी वेळेवर विकले गेलेत. ते ताडकन उठून घराकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी दोघं हजर. जोमाशेठ लालबुंद.

"बापू, हिनं पेणला जमीन घेतली! त्या शेअरांच्या पैशात, सोताच्या नावावर! नवऱ्याला इचारायचा तरी!"

हिराबाईंनी पदर सावरला.

"तुमी जमीन इकली तवा मना इचारलं व्हतं?"