तार न जोडता आलेली रीडिंग्ज

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. सव्वीस वर्षं झाली, सरकारी नोकरीत जमिनीखालचं पाणी शोधतोय. ऊन, खडक, रिपोर्ट, पुन्हा ऊन... घाबरायलासुद्धा उसंत मिळत नाही.

बसवकल्याण तालुक्यात, राजेश्वर गावाच्या पुढे माळावर पंधरा घरांची धनगरवस्ती आहे. तिला बोअर मंजूर झाला होता — एकच. कोरडा गेला की संपलं. साठी ओलांडलेली अंबूअक्का रोज उतारावरच्या विहिरीतून डोक्यावर घागर आणायची. कडुलिंबाजवळची जागा तिनंच दाखवली.

आमची पद्धत साधी. चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून करंट सोडायचा आणि आतल्या दोन सळयांवर मीटर बघायचा. टेक्निशियन मल्लप्पा सळया सरकवत होता, मी आकडे लिहीत होतो. ग्राफ इतका सुरेख आला की मी कधी करत नाही ते केलं — तिथल्या तिथे बोलून गेलो, "अक्का, पाणी आहे. एकशे नव्वद फुटांवर."

ती तडक घरात गेली, कुंकू आणलं आणि त्या जागेवर वाहिलं.

सामान आवरताना मल्लप्पाची हाक आली. "सर, ही तार बघा की... जोडलीच न्हाई."

करंटची तार बॅटरीला लावलेलीच नव्हती. सकाळपासून! दोघंही इतके दमलेलो की कुणाच्याच लक्षात आलं नाही. करंट नसला तरी काटा थोडा थरथरतो, मान्य. पण असा सलग ग्राफ? शक्यच नाही.

तार जोडून सगळं पुन्हा केलं. नुसता कोरडा पाषाण. अक्काला तसं सांगितलं.

"सायेब, दुपारी पानी हाय म्हनलाव, आन् आता न्हाई म्हनायलाव. कामून?"

"दुपारचे आकडे चुकीचे होते, अक्का."

"मग तवा तुमाला येवढं खरं कसं वाटलं?"

रिपोर्टात दुसरी रीडिंग्ज घातली, ओढ्याकडे मोजून त्यातल्या त्यात बरी वाटलेली जागा दिली. बोअर कोरडा गेला. पुढच्या उन्हाळ्यात अक्का घागरीसकट उतारावर पडली. खुब्याचं हाड मोडलं.

मग वस्तीनं आपसात पैसे गोळा करून कडुलिंबाजवळ बोअर मारला. पाणी लागलं... एकशे नव्वदला.

मला राहवलं नाही, भेटायला गेलो. अक्का बाजेवर होती. शिव्या देईल असं वाटलं होतं, द्यायला हव्या होत्या. तिनं सुनेकडून तांब्याभर पाणी मागवलं.

"प्या सायेब. तुमीच सांगितलेलं पानी हाय."

एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

दोन्ही ग्राफ माझ्याकडे आहेत. पहिल्यातले आकडे कुठून आले, मल्लप्पाला माहीत नाही, मलाही नाही. आणि उद्या पुन्हा तसंच घडलं, तरी मी रिपोर्टात तार जोडून घेतलेलीच रीडिंग्ज घालणार. खरं सांगू? आता उन्हापेक्षा त्याचाच थकवा जास्त येतो.