कांता मॅडमचे छत्तीस संत्रे

आमच्या कारंज्याच्या कॉलेजात कांता मॅडम बारावीले सांख्यिकी शिकवते. बाप प्रेमदास संत्र्याचा बागाईतदार, म्हणून ही बाई चालायले शिकली तेच संत्र्याच्या ढिगावर. आवाज असा का हायवेवरचा ट्रक ब्रेक लावते. पण स्वतःच्या लग्नातही नाचली नाई. ढोलापासून चार हात लांब उभी राह्यली.

यंदा 'विश्वास अंतराल' हा धडा पोरांच्या डोक्यात शिरेचना. मग मॅडमनं अख्खा वर्ग बापाच्या बागेत नेला. बारीक म्हणून व्यापारी बंडूजीनं टाकलेल्या संत्र्याचा ढीग तिथं पडूनच होता. बंडूजीही होते, ढेरीवर हात ठेवून.

"छत्तीस संत्रे सोला, फोडी मोजा, खा," मॅडम म्हणे. "तेवढ्यावरून साऱ्या ढिगाच्या सरासरीले कुंपण घालता येते."

बंडूजी फिदीफिदी हासले. "मॅडम, तुमचं कुंपण हुकलं त गॅदरिंगले नाचसान काय?"

"नाचीन!" मॅडमच्या तोंडून निसटलं. पोरांनी अशी बोंब ठोकली का बागेतले पाखरं उडाले.

एकोणीस पोरं अन् विसावी मॅडम. साऱ्यांनी डोळे मिटून छत्तीस-छत्तीस उचलले. मॅडमची सरासरी आली १०.४ फोडी, प्रमाण विचलन, म्हणजे फोडींची कमीजास्ती, १.२. छत्तीसचं वर्गमूळ सहा, त्यानं भागलं त ०.२. त्याची जवळपास दुप्पट ०.४. तेवढं इकडं, तेवढं तिकडं. कुंपण झालं १०.० ते १०.८.

"असे शंभर कुंपणं घातले, त पंच्याण्णवच्या आसपास खरी सरासरी आत सापडते," मॅडमनं बजावलं. "विसातला एखादा हुकू शकते."

आता खरी सरासरी पाहाची त उरलेला ढीग संपवा लागते. बागेजवळचा मोहल्ला धावला. जो तो खाऊन राह्यला अन् "नऊ! अकरा! नऊ!" वरडून राह्यला. वर्गातली भावना मोबाईलवर बेरीज करे. कोपरापर्यंत रस गळे, मुंग्यांची त दिवाळीच. शेवटी भावना किंचाळली, "नऊ पूर्णांक सात!"

पोरांच्या एकोणीसही कुंपणात ते बसलं. मॅडमचं तेवढं हुकलं.

मॅडम तरी टुणकन उडाली. "पाहा! विसातला एक हुकला! सिद्ध झालं!"

प्रेमदासनं लेकीजवळचे सालटे उचलले. सारे त्या ढिगातले त्यातल्या त्यात मोठ्ठे. "कांते, डोळे मिटले तुनं, हात कुठं मिटला? वजन पाहून बारीक बाजूले सारत आली जन्मभर. आताही सारलेच."

मॅडमनं सालट्याकडं पाह्यलं. मग स्वतःच्या हाताकडं. "खरं आहे बाबा. सूत्र बरोबर, निवड खोटी. याले पंच्याण्णव टक्केही वाचवू शकत नाई."

"त मग नाचा!" बंडूजी.

गॅदरिंगले पोरांनी अट वाढवली. जोडीदारही डोळे बांधूनच निवडाचा. मॅडम पहिल्या रांगेत एकेकाचा हात तोलत गेली. एक सोडला, दुसरा सोडला, अन् मंडपातला सगळ्यात वजनदार हात गच्च धरला.

"अवो मॅडम, मले काऊन!" बंडूजी वरडले. तोवर ढोल सुरू झालता.