कूलरची तिसरी ताटी

चंद्रभानभाऊ बाटलीला तोंड लावत नसत. मान मागे टाकून वरून धार सोडत. शर्टावर एक थेंब पडत नसे.

मार्च ते जून त्यांच्या खिशात एक कांदा असे. ऊन लागू नये म्हणून.

कोणाच्याही घरी गेले की आधी कूलरसमोर जात. तळहात पुढे धरत. मग तो उजेडात नेऊन पाहत. कोरडा निघाला तर बसत. ओला निघाला तर म्हणत, "थुंकून राह्यला हा."

जुन्या रजिस्टरातली नावं स्कॅन करण्याआधी हळूच वाचत. मी विचारलं, कशाला. तर म्हणाले, "मेलेल्या माणसाले आवाज देऊन पाहतो बावा. एखादा ओ देईन."

त्यांच्या पाण्याच्या बाटलीवर लाल नेलपॉलिशच्या आठ रेघा होत्या. शेजारी आकडे. अकरा, बारा, एक, दोन, थेट सहापर्यंत. त्यांच्या मुलीनं, प्रेरणानं, काढलेल्या. त्या त्या वाजता पाणी त्या त्या रेघेवर आलेलं असायला हवं. पाणी कधीच चुकत नसे.

मला सांगायचं आहे ते या शेवटच्या सवयीबद्दल.

चंद्रभानभाऊ देवळीचे. वय त्रेचाळीस. धाकटा भाऊ वर्धा रोडवर भाजीपाला लावतो. हे लहानपणापासून यंत्रात रमणारे. दर मार्चमध्ये गल्लीतल्या सगळ्यांचे कूलर दुरुस्त करून द्यायचे. आठ वर्षांपूर्वी मुतखड्यानं त्यांची एक किडनी पार निकामी झाली. ती काढावी लागली. घरी सोडताना डॉक्टरांनी एका कागदावर लिहून दिलं, दर तासाला एक पेला पाणी. तो कागद भाऊंनी प्लॅस्टिकमध्ये घालून पाकिटात ठेवला होता.

"दुसऱ्या लोकायले गोळ्या असतात," ते म्हणायचे. "मले पाणी आहे. हे चुकलं की संपलं. स्पेअर नाई ना आता."

आमचं ऑफिस म्हणजे कापसाचं जुनं गोदाम. वर टिनाचं छत. नागपूरची एक खाजगी एजन्सी इथं जुनी कागदपत्रं स्कॅन करते. बारा टेबलं, बारा मशीन. एम. ए. झाल्यावर वर्षभर घरी बसलो आणि मग मला इथलं आठ नंबरचं टेबल मिळालं. सात नंबरवर चंद्रभानभाऊ. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कशात एम. ए.?"

"मराठी साहित्य."

"मंग बारीक अक्षर तूच वाचजो, अंकित. माहा चष्मा जुना झाला."

गोदामाच्या मागच्या भिंतीत दोन मोठे कूलर बसवलेले आहेत. पंखा आत, पाण्याची टाकी बाहेर. मंदाबाई दिवसातून चारदा पाइप लावून त्या टाक्या भरतात. डाव्या कूलरच्या अगदी समोर सात नंबरचं टेबल.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात त्या टेबलावरचं एक पान भिजलेलं सापडलं. शाई पसरली होती. चार नावं एकमेकांत मिसळली होती. ज्यांचे कागद होते त्यांचा माणूस तपासणीला आला होता. तो बरंच बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी दारावर सूचना लागली. टेबलावर पाण्याची बाटली ठेवण्यास व पाणी पिण्यास सक्त मनाई आहे. बाटल्या दाराबाहेरील रॅकमध्ये ठेवाव्यात. पाणी जेवणाच्या व चहाच्या सुट्टीतच प्यावे.

जेवणाची सुट्टी दीडला. अर्धा तास. चहाची साडेचारला. दहा मिनिटं. मधे उठलं तर कुणी धरून ठेवत नव्हतं. पण मशीन पाच मिनिटं थांबलं की इनचार्ज कैलास सरांच्या पडद्यावर त्या टेबलाचा चौकोन लाल व्हायचा. महिन्याला दहा लाल झाले की पुढचं कंत्राट नाही. रॅकपर्यंत जा, बाटली शोधा, प्या, परत या, मशीन पुन्हा सुरू करा. सहा मिनिटं. मी मोजली आहेत.

चंद्रभानभाऊ कागद घेऊन केबिनमध्ये गेले. मीही मागे उभा होतो.

कैलास सरांनी कागद वाचला. नीट वाचला. मग परत दिला.

"चंद्रभानजी, तुम्हाला सूट दिली तर उद्या बाराही जण चिठ्ठ्या आणतील. नियम सगळ्यांना सारखा."

"किडनी सगळ्यायले सारखी नाई ना सर. त्यायले दोन दोन आहेत."

"अहो, एका किडनीवर लोक शंभर वर्षं जगतात."

"हाव. पाणी पिऊन जगतात."

सर हसले. आम्हालाही वाटलं, चला, हसले म्हणजे झालं काम. पण मग ते म्हणाले, "ते भिजलेलं पान तुमच्याच टेबलावरचं आहे. दुसरा कोणी असता तर मी घरीच बसवलं असतं."

तेव्हा भाऊंनी त्यांना हात धरून बाहेर आणलं. खरंच हात धरून. डाव्या कूलरसमोर नेलं आणि त्यांचा तळहात पुढे धरायला लावला. थोड्या वेळानं तळहात उलटून दाखवला. तीन थेंब होते.

"हा थुंकून राह्यला सर. माही बाटली नाई. ताटीतलं गवत कुठं दाट, कुठं विरळ आहे. विरळ जागेतून पंखा सरळ पाणीच ओढते."

कूलरच्या तीन बाजूंना गवत भरलेल्या जाळ्या असतात, त्या ताट्या. गवत एकसारखं भरलं नाही की हवेबरोबर थेंब येतात. आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. कैलास सरांनाही ठाऊक असणार. त्यांनी हात रुमालाला पुसला आणि म्हणाले, "तीन थेंबांनी पान भिजत नसतं."

तीन थेंबांनी भिजत नाही. दिवसभराच्या थेंबांनी भिजतं. हे मी तेव्हा मोठ्यानं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. माझं कंत्राट नवीन होतं.

एप्रिल लागला. भाऊ सकाळी पावणेदहाला रॅकजवळ उभे राहून पोट फुगेपर्यंत पाणी पीत. दीडला पुन्हा. साडेचारला पुन्हा. मधे बाटली रॅकमध्ये आणि आकडे बाटलीवर. अकराची रेघ, बाराची रेघ, सगळ्या पाण्याखाली.

मग ते काकड्या आणू लागले. भावाच्या वाडीतल्या. तासाला एक काकडी.

"काकडीवर कलम नाई," मला म्हणाले. "पाणीच आहे हे. फक्त हिरव्या कपड्यात आलं."

आठ दिवसांनी नवी सूचना लागली. टेबलावर काकडी, टरबूज व तत्सम पाणीदार फळे आणू नयेत. आम्ही सगळे हसलो. भाऊ सगळ्यांत जास्त हसले. मंदाबाई सूचना वाचून म्हणाल्या, "आता रडाले बी बंदी करा म्हणा. त्यातूनबी पाणीच येते."

आमच्या प्रत्येक टेबलावर एक लहानशी प्लॅस्टिकची डबी असते. तिच्यात ओला स्पंज. पान उलटताना बोट ओलं करायला. तो वाळू द्यायचा नाही, असा नियम आहे. मंदाबाई सकाळ-दुपार बारा डब्यांत पाणी घालत जातात. स्पंजाला पाणी. कूलरला पाणी. दोन टाक्या, चार वेळा. माझ्या उजव्या हाताला बसलेल्या माणसाला नाही.

महिना संपता संपता पारा पंचेचाळीसवर गेला. भाऊंचे ओठ फुटले. बसताना एक हात कमरेवर जाऊ लागला. मी म्हणालो, "दाखवून या एकदा." ते म्हणाले, "सुट्टी घेतली की लाल. उठलो की लाल. या महिन्यात सात झाले माहे." आणि त्यांच्या डोक्यात तोवर दुसरंच सुरू झालं होतं. ते पुन्हा केबिनमध्ये गेले.

"सर, कूलर मी दुरुस्त करतो. जेवणाच्या सुट्टीत. मंग एक बी थेंब पडला नाई, तर बाटली टेबलावर ठेवू द्याल?"

कैलास सर विचारात पडले. वर्ध्याचा मेकॅनिक पंधरा दिवस बोलावूनही आला नव्हता. "आठवडाभर थेंब पडला नाही, तर बघू," ते म्हणाले.

"बघू नाई सर. हो म्हणा."

"बरं, हो."

भाऊ केबिनमधून आले तेव्हा त्यांचा चेहरा मला आठवतो. दहावी पास झालेल्या मुलासारखा होता.

सोमवारी ते गवत घेऊन आले. दीडला गोदामाच्या मागे गेले. ती भिंत पश्चिमेची. सावली नाही. पहिली ताटी काढली, जुनं गवत झटकलं, नवं एकसारखं पसरलं, जाळी तारेनं शिवली. ताटीच्या वरच्या पन्हाळीतली बुजलेली भोकं खिळ्यानं मोकळी केली. सुट्टी संपत आली. पाणी प्यायला दोन मिनिटं उरली. डबा तसाच राहिला.

मंगळवारी दुसरी ताटी. त्या दुपारी त्यांनी कूलरसमोर हात धरला. एकच थेंब आला. माझ्याकडे पाहून एक बोट वर केलं. मशीन न थांबवता.

बुधवारी सकाळी ते वाकून बसले होते. अकराच्या सुमारास लघवीला जाऊन आले आणि खुर्चीत बसण्याआधी माझ्या कानाशी म्हणाले, "रक्त गेलं."

मी उठलो. त्यांनी मला खांदा दाबून बसवलं.

"चूप. आज तिसरी ताटी आहे. ती झाली की कायम पाणी. संध्याकाळी जातो दवाखान्यात. तूच चालजो संग."

मी बसलो. हे मला लिहावं लागतंय. मी बसलो.

पावणेदोनला मंदाबाई ओरडल्या. आम्ही मागे धावलो. भाऊ भिंतीला टेकून बसले होते. उलटी झाली होती. मांडीवर ताटीची चौकट, तिच्यात अर्धं गवत. बाजूला मंदाबाईंचा पाइप टाकीत चालू होता.

कैलास सरांनीच गाडी काढली. सेवाग्रामला नेलं. वाटेत भाऊ एकदा बोलले. "सर, दोन झाल्या," म्हणाले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. खडा उतरून एकुलत्या किडनीच्या नळीत अडकला होता. महिनाभर पाणी कमी पडलं होतं. दोन्ही मिळून किडनी बंद झाली. खडा काढला. किडनी सुरू झाली नाही. कधी होईल, होईल की नाही, ते सांगत नाहीत. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

आणि डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून. दिवसाला एक लिटर. त्यात चहा आला, वरण आलं. जास्त प्यालं तर अंगावर सूज, छातीत पाणी.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा बाटली कोनाड्यात होती. प्रेरणानं आठही रेघा पुसल्या होत्या. त्याच नेलपॉलिशची एक रेघ होती. बाटली त्या रेघेपर्यंत भरायची, दिवसभर तेवढंच प्यायचं.

भाऊ तोंडात बर्फाचा खडा धरून बसले होते. म्हणाले, "आठ वर्षं म्हणत होते, पी. आता म्हणतात, पिऊ नको. तहान तेवढीच आहे बावा. ते कोणी पुसली नाई."

कैलास सर भेटायला आले होते, असं वहिनींनी सांगितलं. सहा शहाळी घेऊन आले होते. किडनीच्या या आजारात शहाळ्याचं पाणी चालत नाही. वहिनींनी ती शेजारी वाटली. सर बराच वेळ बसले. डोळे पुसले. त्यांना वाईट वाटलं आहे, हे मला माहीत आहे. मला त्याचं काहीच करता येत नाही. वाईट वाटण्यासाठी एक माणूस खर्ची घालावा लागतो का? एक बाटली टेबलावर ठेवू दिली असती तर कुणालाच वाईट वाटलं नसतं.

सूचना अजून दारावर आहे. दोन्ही. पाण्याची आणि काकडीची.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणीवाला माणूस पुन्हा आला. पुन्हा एक पान भिजलेलं निघालं. सात नंबरच्या टेबलावर. त्या टेबलावर तेव्हा कोणी बसत नव्हतं. त्यावर मी माझे स्कॅन झालेले गठ्ठे ठेवत होतो. पूर्ण गोदामात एकही बाटली नव्हती.

मी ते पान घेऊन केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "सर, हे कोणाच्या बाटलीचं पाणी आहे?"

त्यांनी पान हातात घेतलं. या वेळी मी बोललो. भिजलेलं पहिलं पान, तीन थेंब, दिलेला शब्द, सगळं बोललो. आवाज चढला. बाहेर अकरा मशीन थांबली. सरांच्या पडद्यावर अकरा चौकोन एकामागून एक लाल झाले आणि सरांनी तिकडे पाहिलंही नाही. ते एवढंच म्हणाले, "वर विचारावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सात नंबरच्या मशीनवर प्लॅस्टिक टाकलं. मशीन भिजू नये म्हणून.

मेकॅनिक अजून आलेला नाही. डाव्या कूलरच्या दोन ताट्या भाऊंच्या हातच्या आहेत. तिसऱ्या बाजूला मंदाबाईंनी पोतं अडकवलं आहे. तिसरी ताटी मागच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे. खालच्या अर्ध्या भागात गवत एकसारखं पसरलेलं, जाळीला तारेचे टाके घातलेले. वरचा अर्धा भाग रिकामा. शेवटच्या टाक्याची तार लोंबते आहे आणि तिच्या टोकाला पकड अजून तशीच अडकलेली आहे.